पॉलिमर सोलर सेलला झिंक ऑक्साइड आणि मोली ऑक्साइडचे पातळ थर कसे द्यायचे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पीएचडीला लागलो तेव्हा गाइडनी सांगितलं, पॉलिमर सोलर सेल बनवायला घे, रेसिपी पेपरात आहे. पेपरात खरंच होती, पण चार ओळींची. त्या चार ओळी हातात बसायला मला जवळपास पाच महिने लागले, कारण काच कुठल्या बाजूनं वर ठेवायची, हॉटप्लेटवरचा आकडा किती खरा मानायचा, पावसाळ्यात फिल्म दुधाळ का होते, हे पेपरात कोणी लिहीत नाही. माझ्या नंतर लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाला मी हेच तोंडी सांगत आलोय, म्हणून आता एकदा नीट लिहून काढतो. फिजिक्स, केमिस्ट्री किंवा मटेरियल सायन्सचं एमएस्सी झालेलं असेल तर सगळं कळेल, एमएस्सीच्या प्रोजेक्टला करत असाल तरी चालेल.

इथे एकच स्ट्रक्चर धरलंय: काच, आयटीओ (काचेवरचा पारदर्शक, वीज वाहणारा ऑक्साइडचा थर), झिंक ऑक्साइड, पी३एचटी (उजेड शोषणारं पॉलिमर) आणि पीसीबीएम (त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारं फुलरीन) यांचं मिश्रण, मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड (लॅबमध्ये सगळे मोली ऑक्साइडच म्हणतात) आणि वर चांदी. पी३एचटी आता जुनं झालंय, रेकॉर्ड त्यात होत नाहीत, पण शिकायला याच्याइतकं बरं मटेरियल नाही, कारण काय यायला हवं ते सगळ्यांना माहीत आहे आणि चुकलं की कुठे चुकलं ते शोधता येतं.

१. थर नक्की काय काम करतो ते आधी समजून घ्या

ही पायरी वगळू नका, कारण पुढे करंट-व्होल्टेजचा कर्व्ह वाचताना हेच लागणारे.

उजेड पडला की पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल यांची जोडी तयार होते, ती पॉलिमर आणि फुलरीनच्या सीमेवर सुटते, मग इलेक्ट्रॉन फुलरीनमधून आणि होल पॉलिमरमधून चालत आपापल्या इलेक्ट्रोडकडे जातात. निदान जायला हवेत. पण मिश्रण असं असतं की दोन्ही मटेरियल दोन्ही इलेक्ट्रोडना चिकटलेली असतात, त्यामुळे नुसता आयटीओ ठेवला तर त्याला इलेक्ट्रॉनही चालतो आणि होलही चालतो. त्याचं वर्क फंक्शन साधारण ४.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. मग दोघे तिथेच भेटून संपतात आणि तुमचं व्होल्टेज गळतं.

झिंक ऑक्साइडचा कंडक्शन बँड पीसीबीएमच्या पातळीच्या जवळपास बसतो, म्हणून इलेक्ट्रॉन सहज उतरतो, आणि त्याचा व्हॅलन्स बँड इतका खोल आहे की होलला तिथे वाटच नाही. वरच्या बाजूला मोली ऑक्साइडचं काम जरा वेगळं आहे आणि बरेच जण ते चुकीचं शिकतात. तो होल वाहून नेणारा पी टाइप थर नाहीये. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमुळे तो एन टाइप असतो, पण त्याचं वर्क फंक्शन भयंकर खोल, व्हॅक्यूममध्ये ताज्या फिल्मचं साडेसहाच्या वर, त्यामुळे तो पॉलिमरच्या वरच्या भरलेल्या पातळीतला इलेक्ट्रॉनच ओढून घेतो आणि पॉलिमरच्या बाजूनं बघितलं तर होल बाहेर गेला असं होतं. ताजी फिल्म हवेत आली की हे वर्क फंक्शन बरंच घसरतं, हे लक्षात ठेवा, सातव्या पायरीत कामाला येईल.

आधी लोक उलट करायचे, म्हणजे आयटीओवर पेडॉट-पीएसएस (पाण्यातून चढवायचं कंडक्टिंग पॉलिमर) आणि वर कॅल्शियम किंवा लिथियम फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम. पेडॉट-पीएसएस ॲसिडिक, आयटीओला हळूहळू खातं, वर हवेतलं पाणी शोषतं. कॅल्शियम तर हवा लागली की गेलंच. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या यांग यांग यांच्या ग्रुपनं पेडॉटच्या जागी व्हॅनेडियम आणि मॉलिब्डेनमचे ऑक्साइड लावून दाखवले, त्याच वर्षी अमेरिकेतल्या एनआरईएल या रिन्यूएबल एनर्जीच्या सरकारी लॅबमधल्या लोकांनी सोल-जेलनं, म्हणजे द्रावण (सोल) कोट करून आणि भाजून, केलेला झिंक ऑक्साइड खाली आणि चांदी वर असा उलटा सेल दाखवला. २०११ मध्ये सांता बार्बराच्या हीगर यांच्या ग्रुपनं, तेच हीगर ज्यांना २००० साली कंडक्टिंग पॉलिमरसाठी केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, २०० अंशांत भाजलेल्या झिंक ऑक्साइडची साधी सोपी रेसिपी दिली. आज बहुतेक लॅब थोड्याफार फरकानं तीच वापरतात आणि मीही तीच देतोय.

२. सामान आणि कागदपत्रं

केमिकल्स:
- झिंक असिटेट डायहायड्रेट (डायहायड्रेटच, का ते पुढे)
- २-मेथॉक्सीइथॅनॉल
- इथॅनॉलअमाइन
- रिजिओरेग्युलर पी३एचटी आणि पीसीबीएम
- ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन
- मोली ऑक्साइडची पावडर, जितकी शुद्ध मिळेल तितकी
- चांदीची तार किंवा गोळ्या
- ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लॅबचा साबण, डीआय वॉटर, झिंक पावडर, हायड्रोक्लोरिक ॲसिड

उपकरणांमध्ये स्पिन कोटर, हॉटप्लेट आणि तिच्यापासून वेगळा थर्मोकपल, सोनिकेटर, यूव्ही-ओझोन, पीटीएफईचे सिरिंज फिल्टर, मल्टिमीटर, थर्मल इव्हॅपोरेटर, शॅडो मास्क (चांदी ठरावीक जागीच चढावी म्हणून लावायचा भोकांचा पत्रा), सोर्समीटर, सोलर सिम्युलेटर. ग्लव्हबॉक्स असला तर उत्तम. शॅडो मास्क बाहेरून मागवायची घाई करू नका, आमचा पहिला मास्क वर्कशॉपमधल्या काकांनी स्टीलच्या पातळ पत्र्यातून कापून दिला होता आणि तो मी दोन वर्षं वापरला.

कागदांचं म्हणाल तर केमिकलचा इंडेंट आणि कोटेशन सगळ्यात आधी टाका, पीसीबीएम आणि पी३एचटी बाहेरून येतात आणि आठवडे जातात, तोपर्यंत झिंक ऑक्साइडची प्रॅक्टिस करता येते. प्रत्येक सॉल्व्हंटची सेफ्टी डेटा शीट प्रिंट काढून फाइलला लावा. इव्हॅपोरेटर आणि सिम्युलेटरचं ट्रेनिंग आणि स्लॉट बुकिंग वेगळं असतं. तुमच्या कॉलेजमध्ये यातलं काहीच नसेल तरी हातपाय गाळू नका, आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीमध्ये आयएनयूपी नावाचा कार्यक्रम आहे, त्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रपोजल देऊन तिथल्या सुविधा वापरता येतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरात कुठल्या संस्थेत कुठलं उपकरण आहे ते शोधता येतं. प्रपोजल गाइडच्या सहीनं द्यायचं असतं, तेव्हा ते त्यांना आदल्या रात्री नेऊन देऊ नका.

एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. २-मेथॉक्सीइथॅनॉल प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक आहे आणि कातडीतून आत जातं. वास सौम्य असतो म्हणून लोक बाहेर टेबलावर बाटली उघडतात. कायम फ्यूम हूडमध्ये, हातमोज्यावर थेंब पडला तर मोजा लगेच बदला. लॅबमध्ये कोणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर तिनं हे काम करायचंच नाही, दुसऱ्यानं करून द्यायचं, आणि हे तिला सांगावं लागू नये.

३. काच कापणं, एचिंग, धुणं

आयटीओची बाजू कुठली ते मल्टिमीटरनं बघा आणि उलट्या बाजूला कोपऱ्यात डायमंड स्क्राइबरनं खूण करा. ही खूण नसेल तर सहाव्या काचेनंतर तुम्हालाच कळत नाही आणि एखादी काच हमखास उलटी कोट होते.

जिथे आयटीओ ठेवायचाय तिथे टेप लावा, बाकी भागावर झिंक पावडर भुरभुरवा, पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबथेंब टाका आणि इअरबडनं हलकं घासा. हायड्रोजन सुटतो म्हणून हूडमध्येच. लगेच भरपूर पाण्यात धुवा, ॲसिड टेपखाली शिरलं तर कड खाल्ली जाते. धुतल्यावर एच केलेल्या भागावर मल्टिमीटर लावून बघा, काहीही कंडक्शन दिसता कामा नये.

मग साबणाचं पाणी, डीआय वॉटर, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी १५ मिनिटं सोनिकेटरमध्ये. ॲसिटोनमधून काढलेली काच हवेत वाळू देऊ नका, डाग राहतात, ओली असतानाच पुढच्या बीकरमध्ये. शेवटी नायट्रोजननं उडवून कोरडी करा आणि १५-२० मिनिटं यूव्ही-ओझोन. झाल्यावर एका फुकटच्या काचेवर पाण्याचा थेंब टाका: सपाट पसरला तर काच स्वच्छ, गोळा होऊन बसला तर पुन्हा धुवा. यूव्ही-ओझोन झालेली काच ठेवून जेवायला जायचं नाही, तिचा परिणाम उतरतो.

४. झिंक ऑक्साइडचं सोल

१ ग्रॅम झिंक असिटेट डायहायड्रेट, ०.२८ ग्रॅम इथॅनॉलअमाइन, १० मिली २-मेथॉक्सीइथॅनॉल. झाकण घट्ट लावून रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर. हे जवळपास ०.४५ मोलर होतं आणि झिंकला अमाइनचं प्रमाण एकास एक पडतं.

बाटलीवर डायहायड्रेट लिहिलंय का ते वाचा, कारण निर्जल असिटेटचं मोलर मास १८३.५ आहे आणि डायहायड्रेटचं २१९.५, तेव्हा वजन तेच घेतलं की सोल दाट होतं. शिवाय त्या दोन पाण्याच्या रेणूंचा हायड्रोलिसिसमध्ये उपयोग असतो. इथॅनॉलअमाइन घट्ट असतं, पिपेटच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे ते मोजून न घेता वजन करून घ्या. बाटली वारंवार उघडी राहिली की ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरतं आणि जुनं झालं की पिवळं पडतं, तसं दिसलं तर नवीन मागा. अमाइन नसेल तर असिटेट नीट विरघळतही नाही, त्यामुळे ते कमी पडलं की लगेच कळतं, जास्त पडलं की मात्र कळत नाही आणि सेंद्रिय अंश फिल्ममध्ये राहतात.

सकाळी सोल पाण्यासारखं स्वच्छ हवं. गढूळ असेल तर गाळून चालवायचा मोह होतो. गाळू नका, टाका आणि परत करा, एका ग्रॅम झिंक असिटेटसाठी पीसीबीएमची बॅच वाया घालवण्यात अर्थ नाही. बाटलीवर तारीख लिहा, मी दोन आठवड्यांपेक्षा जुनं वापरत नाही.

५. स्पिन करणं, पुसणं, भाजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

सोल सिरिंज फिल्टरमधून थेट काचेवर टाका, काच पूर्ण झाकली गेली पाहिजे, आणि ४००० आरपीएमवर ३० ते ४० सेकंद. यातून साधारण ३० नॅनोमीटरचा थर मिळतो. लगेच, म्हणजे खरंच लगेच, इअरबड २-मेथॉक्सीइथॅनॉलमध्ये बुडवून, झटकून, जिथे नंतर मोजायची क्लिप लागणार आहे तिथला थर पुसून टाका. भाजल्यावर तो सहज निघत नाही आणि क्लिप झिंक ऑक्साइडवर बसली तर उगाच रेझिस्टन्स वाढतो. इअरबड ओघळत असेल तर मधल्या भागात सॉल्व्हंट पळतं आणि थर बिघडतो.

मग हॉटप्लेटवर २०० अंश, हवेतच, १ तास. आता इथली माझी गोष्ट सांगतो. सलग तीन आठवडे माझ्या सगळ्या सेलचा कर्व्ह इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा येत होता. मी पॉलिमरचं प्रमाण बदललं, सॉल्व्हंट बदललं, स्पिनची गती बदलली, सगळं एकदम बदलत गेलो आणि त्यामुळे काहीच कळेनासं झालं. शेवटी आमच्या सीनिअर ताईनं काही न बोलता थर्मोकपल आणला आणि काचेवर टेकवला. डिस्प्लेवर २००, काचेवर सव्वाशेच्या आसपास. प्लेट स्वच्छ राहावी म्हणून कोणीतरी ॲल्युमिनियम फॉइल अंथरलं होतं, ते चुरगळलेलं होतं आणि काच त्या चुण्यांवर टेकून होती, खाली सगळी हवा. फॉइल काढलं, सेटिंग नीट केलं, त्याच आठवड्यात कर्व्ह सरळ झाले. तेव्हा पहिली बॅच करायच्या आधी थर्मोकपल काचेवर लावून खरं तापमान बघा आणि डिस्प्लेवर किती ठेवलं की काचेवर २०० येतं ते प्लेटवरच मार्करनं लिहून ठेवा.

तापवायची पद्धतही दरवेळी एकच ठेवा. काच आधीच तापलेल्या प्लेटवर ठेवणं आणि थंड प्लेटवर ठेवून हळूहळू चढवणं यात फरक पडतो, हळू चढवलं तर पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या येऊ शकतात. त्या मुद्दाम हव्या असलेले लोकही आहेत.

पावसाळ्याचं बोलू. पुण्या-मुंबईत जुलैत लॅबची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि स्पिन झालेली ओली फिल्म दोन-तीन मिनिटं जरी तशीच राहिली तरी ती दुधाळ होते. तिच्यावर केलेला सेल हटकून गळका निघतो. उपाय साधे आहेत: स्पिन कोटर हॉटप्लेटच्या शेजारी आणा, एका वेळी एकच काच करा, खोलीत डीह्युमिडिफायर नसेल तर एसी दोन तास आधी लावा, आणि वहीत प्रत्येक बॅचपुढे आर्द्रता लिहा. पाचशे रुपयांच्या आतला हायग्रोमीटरही चालतो. मला जूनमधल्या आणि जानेवारीतल्या सेलमधला फरक याच रकान्यामुळे समजला.

जाडी किती हवी यावर लोक बराच वाद घालतात. फार पातळ केला तर आयटीओचे उंचवटे वर डोकावतात, छिद्रं राहतात, करंट गळतो. जाड केला तर झिंक ऑक्साइडचा स्वतःचा रेझिस्टन्स आडवा येतो आणि फिल फॅक्टर (कर्व्ह चौकोनाच्या किती जवळ आहे त्याचं माप) पडतो. ३० ते ४० नॅनोमीटरमध्ये सुरुवात करा. काचेवर इतका पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर बॅचला सिलिकॉनचा एक तुकडा सोबत कोट करा, त्यावर रंगातला फरक लगेच दिसतो आणि नंतर त्यावरच ओरखडा मारून प्रोफाइलोमीटरनं जाडी मोजता येते.

६. पॉलिमरचा थर

यावर थोडक्यात. पी३एचटी आणि पीसीबीएम प्रत्येकी २० मिलिग्रॅम, १ मिली डायक्लोरोबेंझीनमध्ये, ५० ते ६० अंशांवर रात्रभर ढवळा. झिंक ऑक्साइडच्या काचा ग्लव्हबॉक्समध्ये नेण्याआधी पुन्हा पाच-दहा मिनिटं गरम करा म्हणजे बसलेलं पाणी जाईल. ७०० ते ८०० आरपीएमला स्पिन करा, थर ओला असतानाच काच उचलून झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवा आणि सावकाश वाळू द्या. ओली फिल्म नारिंगी दिसते आणि वाळता वाळता पॉलिमरच्या साखळ्या रचून बसल्या की ती गडद जांभळी होते. हा बदल डोळ्यांनी बघा, फिल्म नारिंगीच राहिली तर क्रिस्टलायझेशन झालेलं नाही. नंतर १३० ते १५० अंशांवर १० मिनिटं. हे भाजणं वरचा ऑक्साइड आणि धातू चढवायच्या आधीच उरका, नंतर तापवलं की वरचा सांधा बिघडायची भीती असते.

क्लिपच्या जागेवरचा पॉलिमर क्लोरोबेंझीनच्या इअरबडनं पुसायला विसरू नका.

७. मोली ऑक्साइड आणि चांदी

वरच्या बाजूला पेडॉट-पीएसएस का नाही लावायचं असं नवीन मुलं विचारतात. लावता येतं, पण ते पाण्यातलं आणि पॉलिमर तेलकट, त्यामुळे काहीतरी मिसळल्याशिवाय ते पसरतच नाही. मोली ऑक्साइड वाफेनं चढतो म्हणून हा त्रास नाही.

चेंबर दहाचा उणे सहावा घात मिलिबारपर्यंत जाऊ द्या. क्रिस्टल मॉनिटरमध्ये मोली ऑक्साइडची घनता ४.६९ आणि चांदीची १०.४९ भरा. आदल्या माणसानं ॲल्युमिनियम केलं असेल तर त्याचीच घनता तिथे राहिलेली असते आणि तुमची जाडी चुकते, हे मी दोनदा होताना बघितलंय.

मोली ऑक्साइड वितळून मग उडत नाही, पावडरमधूनच वाफ होते आणि घाई केली तर दाणे उडून काचेवर बसतात. प्रत्येक दाणा म्हणजे एक शॉर्ट. शटर बंद ठेवून करंट अगदी हळू वाढवा, काही मिनिटं थांबा, अडकलेला वायू निघू द्या, चेंबरचं प्रेशर परत खाली आलं की मग शटर उघडा. सेकंदाला ०.१ ते ०.३ अँगस्ट्रॉम एवढा दर ठेवा आणि १० नॅनोमीटरला थांबा. बोटमधली (पावडर तापवायच्या धातूच्या छोट्या वाटीतली) पावडर वापरून निळसर काळपट झाली असेल तर तिच्यातला ऑक्सिजन गेलाय, ती बदला.

त्यानंतर व्हॅक्यूम न तोडता लगेच चांदी, १०० नॅनोमीटर, पहिले काही नॅनोमीटर हळू आणि मग वेग वाढवला तरी चालतो. पहिल्या पायरीत सांगितलं तेच इथे आड येतं: मोली ऑक्साइड चढवून चेंबर उघडला, मास्क बदलला आणि मग चांदी केली तर मधल्या वेळात त्या थराला हवा लागलेली असते. तुमच्याकडे एकाच पंपिंगमध्ये दोन बोट लावायची सोय नसेल तर किमान किती मिनिटं हवा लागली ते तरी लिहा.

८. मोजणं आणि कर्व्ह वाचणं

आधी अंधारात मोजा. उणे १ ते अधिक १ व्होल्ट. डायोडसारखा कर्व्ह हवा, एका बाजूला करंट जवळपास नाही आणि दुसऱ्या बाजूला चढता. सरळ तिरकी रेघ आली तर तो सेल शॉर्ट आहे, त्यावर उजेड टाकून वेळ घालवू नका.

मग सिम्युलेटर, एएम १.५जी (सूर्यप्रकाशाचा प्रमाणित स्पेक्ट्रम), चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॉट, आणि ते सिलिकॉनच्या कॅलिब्रेटेड रेफरन्स सेलनं त्या दिवशी तपासलेलं हवं. सेलवर माहीत असलेल्या क्षेत्रफळाचा ॲपर्चर मास्क लावा. मास्क नसेल तर चांदीच्या कडेबाहेरूनही करंट गोळा होतो आणि एफिशियन्सी खोटी वाढते. पी३एचटीच्या ठीकठाक सेलला व्होल्टेज ०.६ च्या आसपास, करंट चौरस सेंटीमीटरला ८ ते १० मिलिअँपिअर, फिल फॅक्टर ६० टक्क्यांच्या जवळ आणि एफिशियन्सी ३ ते ४ टक्के. तुम्हाला १४ मिलिअँपिअर दिसले तर पेढे वाटू नका, क्षेत्रफळ आणि लाइटची इंटेन्सिटी तपासा, ईक्यूईचा (कुठल्या तरंगलांबीच्या किती फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळाले याचा) कर्व्ह काढून त्यातून येणाऱ्या करंटशी जुळवा.

आता कर्व्ह काय सांगतो ते.

एस आकार आला तर कुठल्या तरी इलेक्ट्रोडपाशी चार्जला अडथळा आहे. सेल आहे तसा सिम्युलेटरखाली पाच-दहा मिनिटं ठेवा आणि परत मोजा. एस गेला तर दोष झिंक ऑक्साइडच्या बाजूला होता: हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, अल्ट्राव्हायोलेट लागला की तो सुटतो आणि थर कंडक्टिंग होतो. खात्री करायची तर ४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावून नवीन सेल मोजा, फिल्टर असेपर्यंत एस राहिला आणि काढल्यावर गेला तर प्रश्न मिटला. एस अर्धवटच गेला तर भाजणं कमी पडलंय का ते बघा. अजिबात हलला नाही तर मोर्चा मोली ऑक्साइडकडे वळवा.

व्होल्टेज ०.३ च्या आसपास आणि झिरो व्होल्टपाशी कर्व्ह उतरता असेल तर गळती आहे, म्हणजे धूळ, छिद्रं, दुधाळ फिल्म. व्होल्टेज नीट पण शून्य करंटपाशी कर्व्ह उभा चढत नाही, आडवा पडतो, तर सिरीज रेझिस्टन्स जास्त: थर जाड झालाय, क्लिपखाली पुसायचं राहिलंय किंवा आयटीओच खराब. एस, गळती आणि सिरीज रेझिस्टन्स हे तिन्ही एकत्र आले तर सिरीज रेझिस्टन्स आधी तपासा, तेच सगळ्यात सोपं आहे.

आणि एका सेलचा आकडा कधीच सांगू नका. किमान सहा-आठ सेलची सरासरी आणि फरक लिहा. सगळ्यात चांगला सेल तेवढा स्लाइडवर लावायची सवय आपल्याकडे फार आहे आणि त्यानंच पुढच्या मुलांची वर्षं जातात, कारण ती त्या आकड्याचा पाठलाग करत बसतात.

९. हे जमलं की पुढे काय बदलायचं

प्लास्टिकवर सेल करायचा असेल तर पीईटी २०० अंश सोसत नाही. तिथे झिंक असिटेट आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड मेथॅनॉलमध्ये ६० ते ६५ अंशांवर ढवळून झिंक ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल करतात, धुतात आणि तयार कण कोट करतात. भाजायची गरज जवळपास राहत नाही, पण धुणं कंटाळवाणं आहे आणि कमी धुतलं तर पोटॅशियम राहतं.

नवीन मटेरियलकडे जायचं असेल, म्हणजे २०१९ मध्ये आलेलं वाय६ आणि त्याच्या घरातली बिनफुलरीनवाली, तर एक सावधगिरी. झिंक ऑक्साइड अल्ट्राव्हायोलेटमध्ये फोटोकॅटॅलिस्ट आहे, म्हणजे ज्या गुणामुळे त्याची कंडक्टिव्हिटी जागी होते त्याच प्रकाशात तो शेजारच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडायला लागतो. पीसीबीएमला हे तितकंसं जाणवत नाही, या नव्या रेणूंना जाणवतं. म्हणून तिथे टिन ऑक्साइड वापरतात, किंवा झिंक ऑक्साइडवर आणखी एक पातळ सेंद्रिय थर देतात, किंवा समोर यूव्ही फिल्टर लावतात. सेल किती दिवस टिकतो हे मांडायचं असेल तर २०११ चे आयएसओएस प्रोटोकॉल आहेत, त्यातल्या कुठल्या पातळीनं मोजलं ते लिहा, नुसतं इतके दिवस टिकला असं लिहून कोणाला तुलना करता येत नाही.

पहिल्या बॅचची आखणी अशी करा: आठ काचा. चार वरच्या रेसिपीनं जशाच्या तशा, दोन झिंक ऑक्साइडशिवाय नुसत्या आयटीओवर, दोन मोली ऑक्साइडशिवाय थेट चांदी. बाकी सगळं सारखं, एकाच दिवशी, एकाच सोलनं. वहीत तारीख, आर्द्रता, काचेवरचं खरं तापमान, सोलचं वय, जाडी आणि हवेत गेलेली मिनिटं एवढे सहा रकाने आखा. संध्याकाळी तिन्ही प्रकारचे कर्व्ह एकाच ग्राफवर काढा आणि प्रिंट हॉटप्लेटच्या वर भिंतीला चिकटवून ठेवा, पुढे एखादा सेल बिघडला की त्याचा कर्व्ह या तिघांतल्या कोणासारखा दिसतो ते आधी तिथे बघायचं.